डागी यकृतांचा हंगाम

डोंगरावरचे नेचे गंजासारखे तांबूस झाले, की माझ्या बोटांना लोखंडाचा वास येऊ लागतो. हा वास खरा नसतो, हे मला ठाऊक आहे. हात धुतलेले असतात, प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि मी आयर्लंडमधल्या टॅला या उपनगरातल्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, चहाचा कप धरून उभी असते. पण ऑक्टोबरातली एखादी ओली, निवांत सकाळ उगवते, मागच्या डोंगरांवर धुके अर्ध्यातच अडकून राहते, आणि माझी स्मृती पुराव्यासाठी न थांबता निष्कर्ष काढून मोकळी होते. लोखंड, भिजलेली माती, थोडासा पाइनचा चीक. ताज्या यकृताचा वास.

आज तो पुन्हा आला. माझ्या मागे कढईत चकल्या पडत होत्या आणि रसिकाताई म्हणत होती, "अगं, खिडकी उघड, नाहीतर तो धुराचा भोंगा पुन्हा बोंबलेल." रसिकाताई टॅलाच्या मोठ्या रुग्णालयात यकृताच्या रुग्णांवर उपचार करते. मी तिच्या घरात वरच्या खोलीत राहते आणि हरणांच्या यकृतांवर काम करते. एका छपराखाली यकृताच्या दोन अभ्यासक, असे ती पाहुण्यांना सांगते. आमच्यापैकी एकीचे रुग्ण तक्रार करत नाहीत, हेही न विसरता जोडते.

खिडकी उघडताच थंड हवेबरोबर चार वर्षांपूर्वीचा तो हंगाम आत आला.

*

ज्या जिवाचा मी पाठलाग करते, तो दिसायला एखाद्या पानासारखा आहे: चपटा, करड्या-तपकिरी रंगाचा, नखापेक्षा थोडा मोठा. आपण त्याला पर्णकृमी म्हणतो. मेंढी, गाय, हरीण यांच्या यकृतातील पित्तनलिकांत तो राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पाणथळ जागी फुटतात, आणि त्यातून निघालेली सूक्ष्म अळी बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशा, चिखलातल्या गोगलगाईच्या शरीरात शिरते. तिथे एकीच्या अनेक होतात. मग त्या बाहेर पडतात, गवताच्या पात्याला चिकटतात, स्वतःभोवती कोष करतात आणि वाट पाहतात. ते पाते कुणीतरी खाल्ले, की पोटातून यकृताकडे प्रवास सुरू.

हे चक्र मी प्रथम पुण्यात, पाठ्यपुस्तकातल्या बाण काढलेल्या आकृतीत पाहिले होते. त्या आकृतीत पाऊस नव्हता. आयर्लंडला आल्यावर कळले की बाणांच्या मधली सगळी रिकामी जागा म्हणजेच पाऊस. इथे पावसाला येण्यासाठी निमित्त लागत नाही, आणि जाण्याची घाई तर मुळीच नसते. गोगलगाईला याहून चांगला देश मिळणे कठीण.

या बेटावर मूस नावाची उंच, मोठी हरणे नाहीत. संग्रहालयात मात्र दलदलीतून काढलेला एका प्राचीन महाकाय हरणाचा सांगाडा आहे. त्याच्या शिंगांचा विस्तार पाहताना मान मागे टाकावी लागते. मी त्याच्यापुढे पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा मनात आलेला प्रश्न फारसा काव्यमय नव्हता. याचे यकृत कसे असेल? हाडे हजारो वर्षे टिकतात. यकृत दोन दिवसही टिकत नाही. त्याची साक्ष ते ताजे असतानाच नोंदवावी लागते, आणि ती नोंदवणाऱ्याने नीट नोंदवावी लागते. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचा अर्थ मला त्या हंगामात समजला.

*

प्रश्न साधा होता. शहराबाहेरच्या विक्लोच्या डोंगरांवर मेंढ्या आणि रानटी हरणे एकाच उतारावर चरतात. मेंढ्यांना पर्णकृमी होतो हे सर्वांना माहीत होते. तो हरणांत किती आहे, हे आमच्या भागात कुणी नीट पाहिलेले नव्हते. मेंढपाळ हरणांकडे बोट दाखवत. हरणांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हते. मला एका हंगामात परवानाधारक शिकाऱ्यांकडून यकृते जमवायची होती आणि जानेवारीत विद्यापीठाच्या परीक्षण समितीपुढे उभे राहायचे होते. समितीला पटले तर पीएच.डी. पुढे जाणार होती. न पटले तर तिथेच थांबणार होती, आणि व्हिसाही तिच्याबरोबर.

मी तयारी चोख केली. पिशव्या, बर्फाच्या पेट्या, जलरोधक कागदावर छापलेले तक्ते. तारीख, टेकडी, उंची, नर की मादी, अंदाजे वय. एकही रकाना मोकळा राहू नये म्हणून प्रत्येक तक्त्याला दोरीने पेन्सिल बांधली. त्या पेन्सिलींचा मला फार अभिमान होता.

शिकाऱ्यांचे पुढारी होते डोनल. पासष्टी ओलांडलेले, आयुष्यभर बस चालवलेले, खांद्यात किंचित वाकलेले. त्यांच्याबरोबर कायम एक काळी लॅब्रेडोर, बिडी. पहिल्या भेटीत त्यांनी तक्ता दूर धरून वाचला आणि म्हणाले, "उंचीसुद्धा? हरणाची की डोंगराची?"

"डोंगराची."

"बरं झालं. हरणाची मोजायला ते थांबलं नसतं." मग बिडीकडे पाहून, "या बाई डॉक्टर आहेत बरं. नीट वाग."

"अजून झाले नाही," मी म्हणाले.

"होशील गं. इट्स ग्रँड."

इथे प्रत्येक गोष्ट ग्रँड, म्हणजे एकदम ठीक, असते. पाऊस, अपघात, मोडलेला गुडघा. मी तो शब्द पुराव्याशिवाय स्वीकारत नसे. पण डोनल आणि त्यांची माणसे खरोखरच शब्दाला जागली. सप्टेंबरपासून दर सोमवारी त्यांच्या शेडमधल्या बर्फाच्या पेटीत माझ्यासाठी पिशव्या ठेवलेल्या असत. तक्ते भरलेले, अक्षर वळणदार. आणि आत एकेक यकृत: गुळगुळीत, चकचकीत, गडद जांभळट, धारदार कडांचे, शरीरशास्त्राच्या पुस्तकात चित्र म्हणून छापावे असे.

मी ती बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत कापत असे, कोमट पाण्यात पिळत असे, चाळणीतून गाळत असे. खाली काळ्या ट्रेमध्ये पाणी स्थिर होई. कृमी असले तर ते आपोआप उलगडतात, पानांसारखे. माझ्या ट्रेमध्ये पाने जवळजवळ येतच नव्हती. आठवड्यामागून आठवडा जवळजवळ स्वच्छ पाणी. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांनी प्राथमिक आलेख पाहिला आणि भुवई उंचावून म्हणाल्या, "हे फारच चांगले आहे." हरणे निर्दोष होती. मला वकिलाने पहिलाच खटला जिंकावा तसे वाटले.

*

त्या वर्षी रसिकाताईची आई कागलहून आली होती. मी त्यांना मावशी म्हणते. ऑक्टोबरच्या सुट्टीच्या सोमवारी प्रयोगशाळा बंद होती, म्हणून एक पेटी मी घरी आणून मागच्या अंगणात ठेवली. मावशींनी झाकण उघडून पाहिलेच.

"आगं, ही तर कलेजी! केवढी ताजी हाय. खानार न्हाईस व्हय?"

"नाही मावशी. यातले किडे मोजायचे आहेत."

"किडं मोजायला येवढ्या लांब आलीस?" त्यांनी कमरेवर हात ठेवले. "आमच्या म्हशीच्या पोटात लई हायती. तिकडंच मोजायचंस की. भाकरी तरी गरम मिळाली असती."

रसिकाताई हसून हसून ओट्याला टेकली. दिवाळी तोंडावर होती. मावशी दोन ताटे घेऊन बसल्या आणि तळलेल्या चकल्या निवडू लागल्या. अखंड, चारही वेढे शाबूत असलेल्या एका ताटात. तुटक्या, जळक्या, वेढा सुटलेल्या दुसऱ्यात. पहिले ताट द्यायच्या डब्यांसाठी, दुसरे घरात खायला. लहानपणापासून मी हे पाहत आले होते. त्यात काही पाहण्यासारखे आहे असे कधी वाटले नव्हते. डोनल यांच्यासाठीचा डबा मावशींनी स्वतः भरला. एकेक चकली उजेडात धरून, फिरवून, मग आत.

"इतकं काय बघताय?" मी विचारले.

"परक्या मुलखातला मानूस हाय. तुजं काम करतोय. त्याला तुटकी दिऊन चालंल व्हय?"

*

नोव्हेंबरात गणित चुकू लागले.

यकृतांच्या जोडीला मी डोंगरावरून हरणांच्या लेंड्याही गोळा करत असे. पर्णकृमीची अंडी जड असतात. लेंड्या पाण्यात विरघळवून ते पाणी स्थिर ठेवले, की अंडी तळाशी बसतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सोनेरी दिसतात. मी हा शब्द अलंकार म्हणून वापरत नाही. ती खरोखर सोनेरी असतात, उन्हात धरलेल्या मधाच्या थेंबासारखी. माझ्या काचपट्ट्यांवर ती दिसू लागली होती. एकीवर, दुसरीवर, पुन्हा तिसरीवर.

यकृते म्हणत होती, हरणे निरोगी आहेत. लेंड्या म्हणत होत्या, नाहीत. दोन्ही एकाच डोंगरावरून आलेली.

मी आधी स्वतःवर संशय घेतला. चाळणीची जाळी तपासली. मग वाटले, मी मेंढ्यांच्या लेंड्या हरणांच्या समजून उचलत असेन. दिसायला त्या फसव्याच असतात. म्हणून दोन सकाळी मी झुडपाआड हेदरच्या ओल्या, खुरट्या रानावर आडवी पडून, हरणांच्या एका कळपाने माझ्या डोळ्यांदेखत विधी उरकण्याची वाट पाहिली. विज्ञानातल्या धीराबद्दल शाळेत भाषणे ऐकली होती. त्यांत हा प्रसंग नव्हता. कळप गेल्यावर मी धावत जाऊन वाफाळत्या लेंड्या उचलल्या. त्यांतही सोनेरी अंडी होती.

आता संशय एकाच ठिकाणी उरला होता: डोंगर आणि पेटी यांच्या मधल्या वाटेवर, जिथे मी कधी गेलेच नव्हते. मी डोनलना फोन केला. "एकदा तुमच्याबरोबर येऊ?"

"ये की. चपला नको घालूस."

*

त्या सकाळचे मला सगळे आठवते. दूरवर सिका जातीच्या नर हरणाची उशिराची शीळ, कुठेतरी गंजलेले फाटक उघडावे तशी. बिडीच्या ओल्या पाठीवरची वाफ. डोनल यांचे चालणे, बसच्या माणसाला न शोभेल इतके नीरव. एक मादी टिपली गेली. एकच गोळी. डोनल यांनी टोपी काढून क्षणभर हातात धरली. मग गुडघे टेकून काम सुरू केले. आतडी पुरायला आधी खड्डा काढला. पोट उघडले. यकृत बाहेर काढून तळहातावर उलटे-सुलटे केले.

ते डागी होते. कडा बोथट, पृष्ठभागावर पांढरट व्रण, एका बाजूला जाड झालेल्या नलिका कातडीखालच्या शिरांसारख्या उठून आलेल्या. मी खिशातून पिशवी काढू लागले.

डोनल यांनी मान हलवली, यकृत आतड्यांबरोबर खड्ड्यात टाकले आणि वर माती लोटली.

"अहो, थांबा! ते का टाकलंत?"

"हे? हे नको. खराब आहे. तुला पुढचं चांगलं देतो."

"डोनल, आधीचीही टाकलीत? अशी?"

"अर्थात." ते हात पुसत माझ्याकडे पाहू लागले. मी का ओरडते आहे, हे त्यांना खरोखर कळत नव्हते. "सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय मी, मुलगी एवढ्या लांबून आलीय, तिला काहीतरी नीट द्या. अशी घाण कुणी पाहुण्याला देतं का?" मग किंचित दुखावल्या स्वरात, "तू डबा दिलास तेव्हा मी नुलाला, माझ्या बायकोला, दाखवलं. म्हटलं बघ, त्या चक्रांतलं एकही मोडलेलं नाही. निवडून दिलीयत पोरीनं."

त्या धुक्यात, अडीच महिन्यांचे काम पायाखालच्या खड्ड्यांत पुरलेले असताना, मला दोन ताटे लख्ख दिसत होती. त्यांनी मला फसवले नव्हते. त्यांनी माझा मान ठेवला होता. चूक माझ्या तक्त्यात होती. आणलेल्या यकृताबद्दल मी सगळे विचारले होते. न आणलेल्यासाठी रकानाच ठेवला नव्हता. पेन्सिल मात्र बांधली होती.

मी गुडघ्यांवर बसले आणि हातमोजे घालून खड्डा उकरू लागले. बिडीला हा खेळ फारच पसंत पडला. तिने माझ्याहून वेगाने मदत केली. डोनल यांनी सुरी पुसून म्यानात ठेवली. मग म्हणाले, "हेच हवं होतं तुला?"

"हेच. आणि याच्याहून वाईट असेल तर तेही."

"मग आधी बोलायचं ना, बाई," ते म्हणाले, आणि माझ्याशेजारी गुडघे टेकून बसले.

*

एक पर्याय होता, हे मान्य केले पाहिजे. आलेख सुंदर होता. प्राध्यापिका खूश होत्या. खड्डे कुणी उकरणार नव्हते. लेंड्यांचे निष्कर्ष "पुढील अभ्यासाची गरज" या वाक्यात गुंडाळून टाकता आले असते. ते वाक्य फार सोयीचे आहे. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसून हा पर्याय दोन्ही बाजूंनी तपासला. डागी यकृताचा फोटो टेबलावर फोनमध्ये उघडा होता.

रसिकाताई कामावरून आली, कोट न काढताच फोटोवर वाकली. "कुणाचं गं? व्रण बघ किती. पण हा भाग पाहिलास?" तिने बोट फिरवले. "हा खंड फुगलाय. आजारी बाजूचं काम यानं उचललंय. प्राणी अशक्त होता का?"

"नाही. चांगली धष्टपुष्ट होती."

"होणारच. यकृत असंच असतं. मार खातं आणि सावरून घेतं. मी रुग्णांना रोज सांगते, घाबरू नका. फक्त काय झालंय ते लपवू नका, म्हणजे मला काहीतरी करता येईल."

ती रुग्णांबद्दल बोलत होती. कोट काढून हात धुवायला गेली. मी प्राध्यापिकांना ईमेल लिहायला घेतली. पहिलेच वाक्य: आपला आलेख चुकीचा आहे आणि तो का चुकला ते मला कळले आहे.

जानेवारीत समितीपुढे तेच वाक्य पहिल्या स्लाइडवर होते. पाठीमागच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी विचारले, "म्हणजे तुमच्याकडे काहीच नाही?" मी म्हणाले, "माझ्याकडे नोव्हेंबरअखेरपासूनची खरी यकृते आहेत. आणि त्याआधीची कशी निवडली गेली याचा प्रत्यक्षदर्शी पुरावा आहे." मग अंगणातली पेटी, दोन ताटे आणि खड्डा यांची हकिगत सांगितली. आधी कुणीतरी हसले, आणि त्यानंतरचे प्रश्न वेगळ्या आवाजात आले. मला आणखी एक पूर्ण हंगाम मिळाला. तक्त्यात एक रकाना वाढला: न आणलेले, आणि का.

पुढे काय निघाले, ते थोडक्यात सांगते. हरणे निर्दोष नव्हती. पण गुन्हेगारही नव्हती. मेंढ्या आणि हरणे दोघांच्याही वाटा उताराच्या तळाशी एका सदा झिरपत्या कोपऱ्यात मिळत होत्या. गोगलगाई तिथे होत्या. तिथल्या मेंढपाळाने त्या कोपऱ्याला कुंपण घातले आणि पाण्याला वाट काढून दिली. बोट दाखवायला एक प्राणी असण्यापेक्षा दुरुस्त करायला एक जागा असणे किती सुखाचे असते, हे त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिले आहे. कृमी संपला नाही. या देशातला पाऊस असेपर्यंत तो संपणारही नाही. पण व्रण घेऊन धडधाकट जगणारी हरणे मी मोजली आहेत, आणि मोजलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसतो.

*

या उन्हाळ्यात प्रबंध मान्य झाला. डोनल आता मला मुळीच डॉक्टर म्हणत नाहीत. खरी झाल्यावर त्यातली गंमत गेली, असे त्यांचे म्हणणे. पण हंगाम सुरू झाला आहे आणि आज दुपारी त्यांच्या शेडवर जायचे आहे. सकाळीच निरोप आला: पेटीत एक आहे, आजवरचे सर्वांत भयानक, नुलाने पाहून डोळे मिटले, तुला फार आवडेल.

मावशी यंदा पुन्हा आल्या आहेत. मघाशी त्या दोन ताटे घेऊन बसल्या. त्या हंगामानंतर डोनल यांच्या डब्यात तुटक्या चकल्याच जातात, हे त्यांना माहीत आहे, पटलेले नाही. तसा डबा पहिल्यांदा दिला, तेव्हा त्यांनी फोनवरून माझी कानउघाडणी केली होती.

"मावशी, ते आता पाहुणे नाहीत," मी आजही म्हणाले.

"मग कोन?"

सहकारी हा शब्द कोरडा होता, मित्र हा अपुरा. मावशींनी उत्तराची वाट पाहिली नाही. घरात खायचे ताट पुढे ओढले आणि डबा भरू लागल्या: वेढा सुटलेली, जळकी, अर्धी, पाव. पण यंदा भाजणी छान जमून आली होती. तुटक्या फारशा निघाल्याच नव्हत्या. डबा अर्धाच भरला.

"पुरंनात की गं," मावशी पुटपुटल्या.

मग त्यांनी द्यायच्या ताटातली एक अखंड चकली उचलली, सवयीने उजेडात धरून फिरवली, चारही वेढे शाबूत असल्याची खात्री केली, आणि कटकन मोडून डब्यात टाकली.